झोपमोड नको म्हणून

खालापूरहून पनवेलला निघालेल्या दुपारच्या एस.टी.त संध्या पेंगत होती. मागच्या सीटवरचं वयस्कर जोडपं झोपाळू आवाजात बोलत होतं.

"डॉक्टर बोलला, पाण्यात क्षार लई झालेत. म्हणून कोंबड्या सारख्या पाणी पितात नि शेडात अंथरलेलं तूस ओलं करतात."

"पन उन्हाच्या धापा टाकतात, तवा क्षाराची पावडर द्यायला त्यानंच सांगितलं ना?"

"दुपारची एक पुडी सांगितली, ठमे. ती मी टाकत होतो."

"अवो, मीबी टाकत होते!"

"मग मला उठवायचं नाय?"

"दमून झोपलेले असायचात. वाटलं, झोपू द्यावं."

"मीबी म्हणूनच तुला हाक मारली नाय गं."

"आता?"

"आता नुसतं साधं पाणी. चौकला उतरलो की सरळ शेडवर जाऊ."

"जगतील ना पाखरं?"

"वेळेत पोचलो तर."

मागे शांत झालं. संध्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे पांढरी पिसं तरंगत राहिली.

"चौक!" कंडक्टर ओरडला.

संध्याने वळून पाहिलं. दोघं एकमेकांवर कलंडून गाढ झोपली होती. त्यांना उठवावंसं तिला वाटेना. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला.

संध्याने हात लांबवून म्हातारीला हलवलं. "काकू, उठा! चौक आलं."