चालता पिको

नाही, नाही — ते फडकं खाली ठेवा. आधी ठेवा, मग बोलू. पुसून जाण्यातला असता तर तुम्हा कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्यांना कशाला बोलावलं असतं, फडकी काय आमच्या घरात नाहीत? आणि बोट तर अजिबात लावू नका — दाबलंत की संपलं. तो काचेवर नाहीये, काचेच्या आत आहे. हा, हा ठिपका, वर डावीकडे. दिसला? अहो, डाग नाही तो. किडा आहे. वाकून बघा, पाय दिसतील. खुर्ची घ्या ना, त्यावरचे कागद ठेवा खाली — उलटे नका ठेवू! — हां, असे. फोनवर मी ‘स्क्रीनवर ठिपका आहे’ एवढंच म्हटलं, कारण सगळं सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता. मान हलवू नका, नसता आलात.

आता हे ठिपक्याच्या मागचं बघा. फुलं, पाकळ्या, आकडे. लेस आहे ही. म्हणजे लेसचं चित्र. टॅटिंग म्हणतात याला — माहीत नाही? कुणालाच माहीत नसतं, तीच तर माझी तक्रार आहे! अंगठ्याएवढं एक शटल असतं, होडीसारखं, त्यावर दोरा गुंडाळायचा, डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फास घ्यायचा, आणि शटल खालून-वरून काढत त्या फासावर गाठी मारत जायच्या. ओढलं की पाकळी. मधे कुठे दोन गाठींत दोरा जरा सैल सोडला की बारीकसा कान उभा राहतो, तो पिको. पुढची पाकळी त्या पिकोला धरून जोडायची. झालं. संपलं. एवढंच आहे! आणि एवढंसं शिकायला बायकांनी वर्षानुवर्षं माझ्या मावशीच्या शेजारी बसायचं. का? तर म्हणे हे बघून-बघूनच येतं. गाठ चुकली की ती शटलनेच बोटांवर टकटक करते. आमच्या लेसच्या मंडळात एक भूलतज्ज्ञ बाई आहेत — मोठमोठी माणसं त्यांच्या एका सुईने आडवी होतात — त्यासुद्धा मावशीपुढे शाळेतल्या मुलीसारखा हात पुढे करून बसतात. मी म्हटलं, हे चालणार नाही. कुणाच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय जे मिळतच नाही ते ज्ञान नव्हे, ती मक्तेदारी आहे! हसताय काय? मी गंभीरपणे बोलतेय. म्हटलं, मी चित्रं काढते. गाठींचे आकडे, पिको, जोड, सगळं कागदावर. छापा, वाटा, ज्याला हवं त्याने आपल्या घरी पाय पसरून बसून करावं. मावशी काय म्हणाली सांगू? म्हणाली, “काढ की. मग ते चित्र धू, वाळव आणि खिडकीला लावून दाखव मला.”

तर ती खिडकी. वाचनालयाची, रस्त्याकडची, एवढी उंच की दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरच्या चौकटीला हात लागायचा नाही. तिला लेसचा पडदा करायचं मंडळाने ठरवलं, आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, नक्षी मी देणार. ह्याच्यावर काढून. हे तसं फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर आहे हो, माझा भाऊ फोटोग्राफर, तो यात लोकांचे मिटलेले डोळे उघडतो आणि टकलावर केस लावतो. मी लेस काढते. एक पाकळी जीव ओतून काढायची. मग कॉपी, पेस्ट, जरा फिरव — कॉपी, पेस्ट, जरा फिरव — फूल! फुलं चिकटवून चौकोन. चौकोन चिकटवून पडदा. अख्खा पडदा एका दुपारीत, एका स्क्रीनवर! मग एकेक चौकोन वेगळा काढायचा, मोठा छापायचा, आणि एकेकीला द्यायचा. मला वाटलं, मी क्रांतीच केली. मावशीने चष्मा लावून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. म्हणाली, “फरशी छान आहे.” मी म्हटलं, मावशी, हा पडदा आहे. म्हणाली, “हो का? मला वाटलं फरशी. पुसायला सोपी वाटली.”

जेवले नाही मी त्या दिवशी.

आणि दुसऱ्या दिवशी हा आला. उजव्या कडेला, मधल्या रांगेत, एका पाकळीच्या बाहेर एकटाच पिको. कशालाच न जोडलेला! मला वाटलं, आपल्याच हातून राहिला. आता पिको म्हणजे काय, जोडायची जागा. मोकळा कसा सोडायचा? मी शेजारच्या पाकळीतून गाठींची एक साखळी काढली आणि त्याला नेऊन जोडली. तो चौकोन भूलतज्ज्ञ बाईंचा, छापून त्यांच्याकडे पाठवला. सकाळी बघते तर माझी साखळी अशी अधांतरी, आणि पिको पुढे! वेड लागायची पाळी. खोडरबर घेतला, खोडलं, तो तसाच. खोडरबर मोठा केला, आणखी मोठा केला, आजूबाजूची फुलं साफ झाली, हा जागच्या जागी. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या लेअरवर असेल — लेअर म्हणजे कसं, काचेवर काच ठेवतो तसं, एकावर पाकळ्या, एकावर आकडे — मी एकेक लेअर बंद करत गेले. आकडे गेले. पाकळ्या गेल्या. सगळं गेलं, पांढराशुभ्र कागद राहिला, आणि त्यावर हा. आणि मग तो चालायला लागला.

तुम्ही फार बघितले असतील असे. नाही? आत शिरतात ना, फटीतून, उजेडाला? मग बरोबर. तुम्ही फक्त एवढंच करायचं आहे, आज संध्याकाळी मावशी इथे येईल, तिच्यासमोर म्हणायचं की बुवा, यंत्रात दोष होता. तांत्रिक बिघाड. म्हणजे मी काही मुद्दाम नाही केलं. मला तर परवापर्यंत पत्ताच नव्हता की — काय? आत्ता काय म्हटलं मी? चालायला लागला असं म्हटलं? हो, म्हणजे चालला, पण तेव्हा मला तो… तुम्ही चहा घ्या बघू. तेव्हा मला नीटसं दिसलं नव्हतं. आणि पहिल्या-पहिल्यांदा त्याला वळवता यायचं नाही, नंतर कळलं, काचेवर हळूच फुंकर घातली की उबदार बाजूला सरकतो —

ठीक आहे. ठीक आहे! माहीत होतं मला. असे बघू नका.

ऐका, त्या भूलतज्ज्ञ बाईंचा चौकोन विणून आला. माझ्या चित्रात साखळी जाऊन शून्यात जोडलेली, त्या बाईंनी फोन करून विचारायचं की नाही? छे! मावशीने वळणच तसं लावलंय, प्रश्न विचारला की बोटावर टकटक. त्यांनी बिचाऱ्यांनी हवेत एक पिको उभा केला आणि जोडून टाकलं. सगळा चौकोन एका अंगाला ओढला गेला. मावशीने तो खिडकीपाशी उजेडात धरला. मी मनात म्हटलं, आता कात्री मागणार. तिने बराच वेळ धरला. मग म्हणाली, “इथे कुणीतरी वळून बघितलंय.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हे तू काढलंस?”

तुम्ही काय म्हणाला असता? सांगा ना! माझ्या मावशीने आयुष्यात मला ‘बरी आहेस’ म्हटलेलं नाही. ताप आल्यावर हात लावून ‘आहे खरा’ म्हणते, तेवढंच काय ते कौतुक. मी म्हटलं, हो. मीच काढलं.

मग काय, रोज तेच. हा जिथे बसेल तिथे साखळी. हा पुढे गेला की मी मागोमाग. टपाल कचेरीतल्या बाईंच्या चौकोनात हा फुलाला अर्धी फेरी मारून आला, मी अर्धी फेरी मारली. जुळ्यांच्या आईच्या चौकोनात दिवसभर हललाच नाही, तर मी तिथे जोडावर जोड, जोडावर जोड, त्या बाई म्हणाल्या एवढा गच्च चौकोन विणताना माझी बोटं वळली, पण मावशी म्हणाली, “इथे विचार केलाय.” विचार! त्याने काय विचार केला असेल तो केला. परवा शनिवारी विणून झालेले चौकोन जमिनीवर मांडले, आणि बायका भोवती उभ्या. सगळीकडे तीच माझी फरशी, आणि तिच्यावरून एक वाट — अडखळत, थांबत, मागे फिरत, वर-वर गेलेली. मावशी खाली बसली, गुडघे दुखतात तरी बसली, आणि त्या वाटेवरून बोट फिरवत गेली, इथपर्यंत. जिथे तो आत्ता आहे ना, बरोबर तिथपर्यंत. आणि म्हणाली, “वर चढवलीस, आता खाली कधी आणणार? चढलेलं माणूस वरच ठेवून कुणी घरी जातं का?”

आणि परवापासून हा हलत नाहीये.

फुंकर घालून पाहिली. दिवा जवळ धरला. मशीन बंद-चालू केलं, तुम्ही लोक सांगता तसं. खालच्या रांगांच्या बायका शटल भरून बसल्यात, त्यांच्या हातात द्यायला माझ्याकडे काही नाही. आज चित्र मिळालं नाही तर मावशी म्हणाली, खालचं मी मनानेच करते. करेल हो ती, डोळे मिटून करेल. आणि मग तो पडदा तिचा. मग झालंच, मग पुन्हा सगळ्या तिच्या शेजारी, हात पुढे करून, आणि माझी चित्रं रद्दीत. — मी स्वतः काढून बघायचं? बघितलं की! आठ दिवस — नाही, परवापासूनच, पण आठ दिवसांसारखं — मी बसून वाटा काढतेय. सगळ्या सरळ येतात. नाहीतर मुद्दाम वाकड्या केल्यासारख्या. मावशी एका नजरेत ओळखेल.

ते? ते तिचं शटल आहे. विसरून गेली. हो, बघा ना उचलून, हाडाचं आहे. मी करून दाखवू? कशी असते गाठ? नाही म्हणजे… मला नाही येत. एकही नाही. अहो, त्यात काय एवढं दचकण्यासारखं! घराचा नकाशा काढणारा विटा रचतो का? लहानपणी बसले होते तिच्याजवळ, माझा फास ओढला की पाकळीच व्हायची नाही, गाठ दुसऱ्याच दोऱ्यावर बसायची. ती म्हणाली, हिच्या हातात नाही. असं कुणाच्या ‘हातात’ असणं-नसणं, हेच तर मला मान्य नाही! माझा सगळा लढा कशासाठी आहे मग? सगळ्यांना यायला पाहिजे. मला नाही आलं तरी सगळ्यांना.

म्हणून म्हणते, तांत्रिक बिघाड वगैरे सोडा. खरं विचारते. हा परत चालू होईल का? तुमच्याकडे काहीतरी असेलच. नाहीतर — हसणार नसाल तर विचारते — दुसरा घालता येईल का आत? जिवंत. थोडा वयस्कर मिळाला तर बरं, तरुण उगाच धावतात. नसेल तर नसेल म्हणा, असं तोंडाकडे काय बघता. मी काही —

अहो, स्क्रीनच्या मागे काय करताय? टिचकी मारू नका! म्हटलं ना हात लावू नका, तो —

पडला.

पडला तो. गेला. काय केलंत हे! किती अलगद ठोकलंत म्हणून काय झालं, तो काय अलगद पडला? हे बघा, इथे होता, आणि आता खाली, चौकटीच्या आत गेला, दिसतसुद्धा नाही. इतके दिवस वर चढला बिचारा आणि एका क्षणात —

थांबा.

कुठून गेला? तुम्ही बघत होतात ना? मीही बघत होते. इथून. सरळ. या फुलाच्या पोटातून, इथे कुठेही न थांबता, ही रांग, ही रांग, ही रांग… इथे जरासा उजवीकडे? अडकला क्षणभर, हो ना? पाय लागला असेल पाकळीला. आणि मग तळापर्यंत. बाजूच्या चौकोनांत काहीच नाही. राहू दे, तशीच राहू दे, चालायला फरशी लागतेच. माऊस द्या इकडे. बोलू नका. हा जोड. हा. साखळी लांब, एकही पिको न ठेवता, एकदम लांब…

बेल वाजली. मावशी. नाही, मी नाही उठत, माझा हात हलेल. तुम्ही उघडा. आणि तिने विचारलं तर सांगा — बिघाडाचं नका सांगू! — सांगा, खाली आलाय. एवढंच. तिला कळेल.

आणि तसेच निघा तुम्ही. ठिपका होता, गेला, आता काय काम आहे तुमचं? ते फडकं मात्र घेऊन जा.