रस्त्यातल्या माणसाला तीन ओळी

मंडळी, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा. प्रमोदला कुणाला ताटकळत ठेवलेलं आवडायचं नाही.

मी शैलजा. आपल्या नाशिकच्या बातम्यांची वेबसाइट आम्ही दोघांनी चालवली. बातम्या आणि जाहिराती माझ्याकडे, कॉम्प्युटरचं सगळं त्याच्याकडे. बरीच वर्षं एका खोलीत, एका पंख्याखाली काढली. आज त्याच्याबद्दल बोला म्हणून वहिनींनी सांगितलं. मी नाही म्हणत होते. मला बातमी लिहिता येते, असं बोलता येत नाही. मला वाईट वाटतंय, हे एकदा सरळ सांगून टाकते. आता पुढचं बोलते.

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपली रीत. ती मी पाळणार नाही. प्रमोद प्रेमळ वगैरे नव्हता. चिडका होता. चहा गार झाला की चिडायचा, मी बातमीला मोठा मथळा दिला की चिडायचा. वहिनी हसताहेत, म्हणजे घरीही तेच होतं.

मंडळी, आमच्या साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान कोणतं, ठाऊक आहे? राजकारण नाही. कांद्याचा भाव नाही. निधनवार्ता. कोण गेलं, अंत्ययात्रा कुठून, किती वाजता. पुढे लोक मोबाईलवर इंटरनेट बघू लागले, आणि हे पान मोबाईलवर उघडेना. मोठा फोटो, भोवती फुलांची चौकट, पूर्ण परिचय, शोकाकुल नातेवाइकांची नावं, बाजूला जाहिराती. एवढं सगळं त्या इवल्याशा पडद्यावर यायचं कसं?

प्रमोदने त्यावर तोड काढली. ती मला जशी कळली तशी सांगते. कुठलंही यंत्र आपल्या साइटचं पान मागतं, तेव्हा मी अमुक कॉम्प्युटर, मी तमुक फोन, अशी स्वतःची ओळख सांगतं. दार वाजवणारा बाहेरूनच नाव सांगतो ना, तसं. प्रमोदने आमच्या सर्व्हरला ते नाव ऐकायला शिकवलं. कॉम्प्युटर असेल तर पूर्ण पान. फोन असेल तर तीन ओळी. नाव. ठिकाण. वेळ. बस्स.

मी म्हटलं, "अरे, निदान 'दुःखद निधन' तरी राहू दे."

म्हणाला, "ते त्याला घरून कळलंय. कुठं जायचं ते कळलेलं नाही. कॉम्प्युटरवर बघतो तो बसलेला असतो, शैलजाताई. मोबाईलवर बघतो तो रस्त्यात असतो."

एका गृहस्थांचा फोन आला. चांगलेच तापले होते. "माझ्या आईचा फोटो कुठाय? मोबाईलवर दिसत का नाही?" प्रमोदने फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाला, "साहेब, तुम्ही घरीच आहात ना? फोटो कॉम्प्युटरवर आहे. जे यायचेत त्यांना आधी पोचू द्या." आणि ठेवून दिला. मग त्या गृहस्थांना परत फोन करून मला समजूत घालावी लागली. असा होता.

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं? मला त्याने एकदाच सांगितलं, तेही मी फार वाद घातला म्हणून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तो पुण्यात कॉम्प्युटर शिकवत होता. गाव सायखेडा. शेजाऱ्यांकडे निरोप आला, वडील गेले, लगेच निघ. तो निघाला. नाशिकला उतरला, सायखेड्याची बस धरली. बस पंचवटीतून पुढे गेली. गावात पोचला तर घराला कडी. वडील वारले ते नाशिकच्या दवाखान्यात, आणि घरच्यांनी इथेच, पंचवटीच्या अमरधाम स्मशानभूमीत, सगळं उरकायचं ठरवलं होतं. हा परत आला तेव्हा माणसं पांगलेली. धाकटी बहीण मंदाताई तेवढी बसून होती. ती त्याला म्हणाली, "दादा, तू हितूनच पुढं गेला रे. बाप हितंच व्हता."

एवढंच त्याने सांगितलं आणि कामाला लागला.

मंदाताई आज इथे आहेत. घोटीला असतात, भाताच्या गिरणीजवळ त्यांचं दुकान आहे. मागच्या भाऊबीजेला हा त्यांच्याकडे गेला आणि ओवाळून झाल्यावर त्याने काय केलं? बहिणीच्या मोबाईलवर निधनवार्तेचं पान घालून दिलं. एक बटण दाबलं की थेट पान. मंदाताई त्याला म्हणाल्या, "सणासुदीचं हे काय रे देतो? लोकं साड्या देत्यात!" साडीही दिली होती म्हणे. पण पान काही उघडेना. फोन बाजारातला स्वस्तातला, मोठ्याने गाणी वाजणारा. त्याला स्वतःचं नावच धड सांगता येत नव्हतं. आमच्या सर्व्हरने त्याला ओळखलं नाही, आणि ओळख पटली नाही की पूर्ण पान पाठवायचं असं तेव्हा ठरलेलं होतं. फोन अडकून बसला.

दिवाळी संपवून प्रमोद ऑफिसात आला तो नियम बदलूनच. ओळख पटली नाही तर मोबाईल समजायचं. तीन ओळी द्यायच्या.

यावरून आमचं जोरात वाजलं. कारण सर्व्हरला ज्यांचं नाव समजत नाही असे कॉम्प्युटरही असतात. त्यांच्या मोठ्या पडद्यावर तीन ओळी आणि खाली सगळं पांढरं मैदान. जाहिरातदार मला विचारायचे, "मॅडम, आमची जाहिरात कुठं गेली?" मी प्रमोदला म्हटलं, "तुझ्या एका बहिणीसाठी अख्ख्या गावाला उपाशी ठेवतोस?" तो म्हणाला, "बसलेल्या माणसाला तीन ओळी मिळाल्या तर तो चिडेल. रस्त्यातल्याला काहीच मिळालं नाही, तर तो पुढं निघून जाईल." शेवटी ठरलं, येत्या दिवाळीपर्यंत बघू आणि मग निर्णय करू.

मंडळी, दिवाळी अजून आलेली नाही.

त्या दिवशी सकाळी त्याच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याची निधनवार्ता मी लिहिली. फोटो टाकला, चौकट टाकली, परिचय लिहिला. बातमीसारखी बातमी लिहिली, कारण मला तेवढंच येतं.

घोटीला शेजाऱ्यांनी कळवलं होतं, दादा गेला, निघा. तेव्हा बाकी काहीच ठरलं नव्हतं. मंदाताई बसमध्ये बसल्या. घरचा फोन सारखा एंगेज. अशा दिवशी तो तसाच असतो. त्या धरून चालल्या की गावालाच नेणार. नाशिकला उतरून सायखेड्याची बस धरायची, असं मनाशी ठरवलेलं. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, त्यांच्याच शब्दांत सांगते. "ताई, दादाचं नाव त्या पानावर बघायचं मला धाडस व्हत नव्हतं. पर म्हनलं, त्यानंच दिलंय. दाबलं बटन. लगीच आलं."

तीन ओळी आल्या. प्रमोदचं नाव. अमरधाम, पंचवटी. दुपारी चार.

मंदाताई नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरल्या. समोर सायखेड्याची बस लागलेली होती. त्यांनी ती सोडली आणि रिक्षा केली. आम्ही सगळे अमरधामात होतो तेव्हा त्या आल्या. त्यांना भावाचं तोंड बघायला मिळालं. त्यांच्या हातात तोच फोन होता, गाणी वाजवणारा, आमच्या सर्व्हरने आजवर न ओळखलेला.

मी आजही म्हणते, त्या नियमाने जाहिराती बुडतात. ते खोटं नाही. प्रमोद इथे असता तर त्याच्या तोंडावर म्हटलं असतं. पण दिवाळीपर्यंत थांबायची आता गरज नाही. नियम तसाच राहील. जाहिरातदार या सभेला आलेत, त्यांनी हे आत्ताच ऐकून ठेवावं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. अशा वेळी मोबाईल बंद करा म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. कुणाचा वाजला तर खुशाल बाहेर जाऊन घ्या. कुणीतरी रस्त्यात असेल, कुठे यायचं म्हणून विचारत असेल. त्याला ठिकाण सांगा आणि मग परत येऊन उभे राहा.

प्रमोद, मंदाताई वेळेवर पोचल्या. नमस्कार.