आखाजीचा मुराळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, वयाने आणि मानाने वडील असलेले रायसिंगदादा. ज्यांच्या तिन्ही लेकींची लग्नं मी टिपली ते व्यासपीठावरचे छगनभाई. शहाद्याच्या पेठेतले माझे शेजारी, समोर बसलेल्या आयाबहिणी आणि सज्जनहो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि वैशाखाच्या उन्हात ती शाल अंगावर ठेवायची शिक्षाही मिळाली. हसा, हसा. फोटो काढताना मी तुम्हाला कधी हसू दिलं नव्हतं.

छगनभाई आत्ता म्हणाले, भाईदास फोटोवाल्याने अठरा वर्षांत एकाही लग्नाला पाठ दाखवली नाही. खरं आहे. पण एक गुपित सांगू? मी तुम्हा सगळ्यांना आधी उलटं पाहिलं आहे. तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोकं घातलं की काचेवर माणसं खाली डोकं वर पाय दिसतात. नवरदेव उलटा, व्याही उलटे, रायसिंगदादांचा फेटासुद्धा उलटा. त्यामुळे चेहरे पाहायची सवयच जाते. नजर कडांवर. कुणी अर्धवट चौकटीत आलं की कापडाआडूनच म्हणायचं, "बाई, जरा बाजूला व्हा."

मांडवात प्रत्येक जण कुणाचा तरी कुणी असतो. मामा असतो, आत्या असते, गेला बाजार वरातीतला पाहुणा तरी असतो. फोटोवाला कुणाचाच नसतो. पंगत उठल्यावर त्याला पान वाढतात. मला त्याचं वाईट वाटत नसे. वाटायचं, माझी माणसं घरी आहेतच की.

पंचांगातली अक्षय्य तृतीया ती आपली आखाजी, तिचं तुम्हाला मी काय सांगावं? सासरची लेक आखाजीला माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भाऊ नाहीतर बाप मुराळी होऊन न्यायला जातो, तेव्हाच ती उंबरा ओलांडते. माझी प्रमिला धानोऱ्याला दिलेली. तिला भाऊ नाही, म्हणजे मुराळी मीच. आणि आखाजीच्या लग्नाला पंचांग पाहावं लागत नाही, म्हणजे माझ्या धंद्याची सुगीही तीच! दरवर्षी आमच्या जमनाबाई म्हणायच्या, "तुम्ही लोकेसन्या पोरी सासरले धाडतस, आपली पोर कव्हय आनशात?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. अशी चार पुढची वर्षं गेली.

एकसष्ट साली आखाजीचं लग्न निघालं ते थेट धानोऱ्यातच. जमनाबाई हरखल्या. म्हटलं, फोटो आटोपतो आणि पोरीला घेऊनच येतो. पण लग्न लागायला उशीर झाला, आणि दुपारचं दुसरं लग्न इकडे शहाद्यात. बायकांचा फोटो घेताना कडेला कुणीतरी पदर ओढून उभी होती, अर्धी चौकटीत, अर्धी बाहेर. मी कापडातूनच म्हटलं, "बाई, जरा बाजूला व्हा." ती झाली. पण पुरती नाही. मी भिंगाचं झाकण उघडलं, मिटलं, तिपाई उचलली आणि एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी त्या फोटोची काच धुऊन उजेडात धरली. कडेला एक हात आणि हातात पिशवी. पिशवीवर अर्धा मोर.

स्टुडिओतला जुना रंगीत पडदा फाटला, तेव्हा जमनाबाईंनी त्याच्या कापडाची पिशवी शिवून लेकीला दिली होती. पडद्यावरचा मोर तीत पुरता बसला नव्हता. अशी पिशवी साऱ्या खानदेशात एकच.

शहाद्याचा फोटोवाला आला, एवढंच तिच्या कानावर गेलं असणार. तिला वाटलं, मुराळी आला. कपडे भरून, पिशवी घेऊन पोर मांडवात आली. सासरची वडीलधारी समोर, हाक कशी मारणार? आणि बापाने तिला बाजूला व्हायला सांगितलं. सज्जनहो, मी तिला ओळखलं नाही. यावर पांघरूण घालायला ही शालही पुरणार नाही.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधीच तिने धानोऱ्याहून बाजाराला येणाऱ्या फुलवंताबाईंबरोबर निरोप धाडला. "आबाले सांगजा, आते मी वाट दखत नही." तिची आई गेली तेव्हा जावई तिला घेऊन आले. तेरा दिवस ती माझ्याशी हो-नाही एवढंच बोलली. जाताना ती पिशवी खुंटीला अडकवून गेली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात मी आणि भिंतीवर तुमच्या लग्नाचे फोटो. संध्याकाळी तुमच्याकडेच बघत जेवतो. फार एकटं वाटतं, हे आज मोकळेपणाने सांगतो.

परवा आखाजी. या वर्षीची सगळी लग्नं नाकारली, तेव्हा तुम्हाला वाटलं, भाईदास थकला. थकलो नाही, मंडळी. धानोऱ्याला पत्र टाकलं होतं. उत्तर आलेलं नाही. तरी चारच्या गाडीने निघतो आहे. कॅमेरा घरी. खुर्चीखाली ठेवली आहे ती हीच पिशवी. रिकामी आहे.

आपण मला मान दिलात, त्याचे उपकार मी विसरणार नाही. बोलताना घरचं गाऱ्हाणं फार झालं, ते पोटात घाला. तुमची माफी इथे माईकवर मागून भागते. तिची मागायला मात्र दारात उभं राहावं लागेल. "आबा, जरा बाजूला व्हा," असं ती म्हणाली तर होईन बाजूला. पण यंदा लगेच परतीची गाडी पकडणार नाही. उभा राहीन.