काळ्या खिडकीतली एक ओळ

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती ताई, त्यांचे यजमान, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंबद्दल चार शब्द बोल म्हणून मला उभं केलंय. चारात काय भागणार, सांगा!

पाहुण्यांसाठी आधी थोडा खुलासा. आमचा प्रोग्राम रक्तपेढीच्या सर्व्हरशी बोलतो तो प्रॉक्सीमार्फत. प्रॉक्सी म्हणजे आपला मुखत्यार. आपण विचारायचं, त्यानं तिकडून उत्तर आणायचं. त्याचा कोड आम्ही तरणी मंडळी आयडीईच्या, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, मेनूतून, माउसच्या एका क्लिकवर तयार करायचो. ताई मात्र पडद्यावर काळी खिडकी उघडून लांबलचक कमांड टाइप करायच्या. आम्ही काय कमी हसलो? "ताई, जग कुठं गेलं, तुम्ही कुठं!" असं मी तोंडावर म्हणालोय.

मग चाचणीचा दिवस उजाडला. अकराला रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. साठा पडद्यावर नीट दिसला नाही, तर आमचा सात जणांचा विभाग बंद. आणि साडेनऊला मेनूतलं 'अपडेट' दाबलं गेलं! प्रॉक्सीची फाईल नव्यानं तयार झाली आणि तिच्यात तीन महिने हातानं केलेल्या दुरुस्त्या सफाचट झाल्या. आम्ही त्यांची प्रतही ठेवलेली नव्हती. प्रत्येक रक्तगटासमोर शून्य.

ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. निम्म्या दुरुस्त्या त्यांच्या कमांडमधूनच आपोआप व्हायच्या. उरलेल्या त्यांनी कधीच वेगळ्या फाईलीत लिहून ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या, "तयार झालेल्या फाईलीला हात लावायचा नसतो रे. चल, तूच टाइप कर."

त्या सांगत गेल्या, मी टाइप केलं. एंटर दाबलं आणि आकडे धडाधड आले! डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांत दुर्मिळ रक्तगट विचारला. पडद्यावर तीन पिशव्या. त्यांनी पेढीत फोन लावून मोजायला सांगितलं. तीनच! आम्ही टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली.

साहेबांनी, म्हणजे आजच्या अध्यक्षांनीच, विचारलं, हे कोणी केलं? ताई म्हणाल्या, "यानं." पुढच्याच महिन्यात मी विभागप्रमुख झालो.

अध्यक्ष महोदय, 'अपडेट' कोणी दाबलं ते तुम्ही विचारलंत, तेव्हा ताई गप्प राहिल्या. मीही राहिलो. ते मी दाबलं होतं. आज ताई निवृत्त होऊन निघाल्यात, आणि त्यांचं श्रेय मी घरी घेऊन जाणार नाही. विभाग ताईंनी वाचवला!

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या सकाळची माफी मात्र मी ताईंकडेच मागतो.