आडनावातला चौकोन

हिमायतनगरच्या एका ऑनलाईन सेंटरात परवा रांगेत माझ्यापुढं सिंधुबाई कऱ्हाळे उभ्या होत्या. हातात लेक पुनमच्या नर्सिंग अर्जाची प्रिंट होती. समोर कॉम्प्युटरवर व्यंकट.

“हे आडनाव वाच बरं, भाऊ.”

“कऱ्हाळे.”

“तुला माहीत हाय म्हणून वाचलास. इथं क हाय, मग चौकोन हाय, मग हाळे.”

“मावशी, तो र ह्या फॉन्टात न्हाई. मशीन चौकोनच देऊन राहिली.”

“पुनमच्या टीसीवर र हाय. नाव जुळंना म्हणून कॉलेजवाल्यानं अर्ज माघारी दिला. उद्या आखरी तारीख हाय.”

“मग रफार देतो. कर्हाळे. वाचायला एकच.”

“एकच कसं? आमचा र क आन् ह च्या मधी बसतो. तू त्याला ह च्या डोक्यावर चढवून राहिलास. तुझ्या मशीनसाठी आम्ही आडनाव बदलावं का?”

“लई बारीक बघता तुम्ही. कीबोर्डवर न्हाई ते मी कुठून आणू? टीसीचा फोटो टाका व्हॉट्सॅपवर, बघतो.”

“टाकला. हे ꧁♛व्यंकट♛꧂ म्हणजे तूच का?”

“हाव, मीच.”

“हे मुकुट, ह्या वेलबुट्ट्या कीबोर्डवर हायेत?”

“न्हाई. नेटवरून शोधून चिटकवल्या.”

“किती वेळ लागला शोधायला?”

“लागला असंल तासभर.”

“मग मी बसते इथं तासभर. आता माझा र शोध.”