पेरूखाली वाजलं

हिमायतनगरच्या दातांच्या दवाखान्यात निशिगंधा सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारचं म्हातारं जोडपं मराठीत भांडू लागलं, तशी ती दाढेचं दुखणं विसरली.

"अहो, रिटायर झाल्यावर लोक देवाला जातात. तुम्ही मेटल डिटेक्टर घेऊन आलात!"

"छंद आहे तो. नवशिक्यानं आधी आपल्याच अंगणात हात बसवावा म्हणतात."

"हौ, बसला की! बाटल्यांची बुचं, गंजके खिळे आणि माझ्या गुलाबांची कत्तल."

"काल पेरूखाली मशीन वाजलं, ते नाही सांगत?"

"तुम्हीच सांगा. काय निघालं?"

"चांदीची वाटी."

"कुणाची?"

"आईची."

"जी मी माझ्या भावाला गुपचूप दिली म्हणून तुमची आई मरेपर्यंत गावभर सांगत होती, तीच ना?"

"अगं, हळू बोल. लोक ऐकू लागलेत."

"ऐकू द्या. मला चोर म्हणताना त्या कुठं हळू बोलत होत्या? आणि वाटी कशात होती?"

"तिच्याच पानाच्या डब्यात."

"म्हणजे पुरली कुणी?"

"तिनंच पुरली असेल. म्हातारपणी विसरली बिचारी."

आतून निशिगंधाचं नाव पुकारलं गेलं.

"दुसऱ्या कुणाला घ्या," ती घाईनं म्हणाली. "मला काही घाई नाही."

"बरं, चुकलं आमचं," आजोबा बायकोला म्हणाले. "आता वाटी आईच्या फोटोपुढं ठेवू का?"

"नक्को. ती माझ्या भावाला नेऊन द्या. सासूबाईंचा शब्द खोटा पडायला नको."