बुजवलेली विहीर

...तोंड कुठे लपवू ते आधी सांगा, मग बाकीचं ऐका! तुम्हाला सांगते, तेलाची पाइपलाइन जायची होती माझ्या पेरूच्या बागेतून. मोजणीचा साहेब नकाशा पसरून गोड आवाजात म्हणाला, "आजी, तेल जमिनीखालून जाईल, पण वरच्या पट्ट्यात झाड ठेवता येणार नाही." बावीस पेरू माझे! मी नकाशा ओढला, चष्मा चढवला. बघते तर विहिरींभोवती गोल काढलेले, आणि लाइन दर गोलाला वळसा घालून गेलेली. मला का कुणी समजावून सांगायला हवं? किराण्याच्या पुड्या उलगडून वाचायला शिकलेली बाई मी! बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे जुनी विहीर आहे, सासऱ्यांनी बुजवलेली. कसली विहीर नि कसलं काय... साहेबाने जबाब लिहून घेतला, मी झोकात सही ठोकली. अंगठा नाही हं, सही!

लाइन सरकली. सरकून जाणार कुठे? शेजारी धाकट्या जावेच्या लिंबांतून! हे मला नकाशात दिसलं नसेल? दिसलं हो. शिकलेली ना मी...

महिन्याने तिला नोटीस आली. तिला अक्षर येत नाही, मग ती आणणार कुणाकडे? "जाऊबाई, काय लिहिलंय बघा ना." वाचली, माझ्या बागेतल्या विहिरीमुळे लाइन वळवल्याचं वाक्यसुद्धा. वर हरकतीचा अर्जही मलाच लिहायला लावला. माझ्याच थापेवर माझ्याच हाताने हरकत, तीही मुद्देसूद! शिकलेली ना मी...

तीन दिवस घास उतरेना. शेवटी कचेरीत गेले, म्हटलं, ती विहीर खोडा. साहेब म्हणाला, जबाब फिरवायचा तर लेखी द्या, आणि खाली शेजारच्या जमीनवाल्याची साक्ष हवी. शेजारची म्हणजे कोण? तीच!

तिच्यापुढे कागद धरला, म्हटलं, अंगठा उमटव, काही विशेष नाही. तर म्हणते, वाचून दाखवा. आयुष्यात पहिल्यांदा वाचताना अडखळले मी... 'खोटे सांगितले' इथे तर अक्षरच दिसेना.

तिने शांतपणे अंगठा उमटवला.

"मला ठाऊक होतं. एकोणचाळीस वर्षं दोघी त्या लांबच्या नळावरून घागरी वाहिल्या. विहीर असती तर बुजवू दिली असती का आपण?"

मग नोटीस वाचली त्याच दिवशी बोलली का नाहीस, विचारलं.

"म्हटलं, तुम्ही वाचणाऱ्या. स्वतःच वाचून दाखवाल कधीतरी."

आता लाइन पुन्हा माझ्या बागेतून. झाडं तोडायची तारीख कळवणारा कागद सकाळीच आलाय... तुमच्यापैकी कुणीतरी वाचून सांगा हो, मला धीर होत नाही.